सटवामामांची रिकामी खोली

परवा बाजाराच्या दिवशी एक परगावची बाई डोक्यावर टोपली घेऊन आमच्या मळ्याच्या वाटेनं चालली होती. वाटेवरच्या त्या एकट्या खोलीपाशी ती थांबली. वहाणा काढून आत डोकावली आणि मला विचारलं, "बाई, कंच्या देवाचं देऊळ हाय हे? आत देव दिसंना."

मी पदर सावरत नुसती हसले. अनोळखी माणसापुढं माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ती बाई बाहेरूनच हात जोडून निघून गेली आणि तिला जे सांगायला हवं होतं ते दिवसभर माझ्या डोक्यात घोळत राहिलं. बोलता येत नाही ते मला लिहिता येतं, म्हणून मुलाच्या जुन्या वहीची कोरी राहिलेली पानं घेऊन बसले आहे. कुणाला दाखवायची नाहीत.

देऊळ नाही ते. ती सटवामामांनी बांधलेली बसायची खोली आहे.

सटवामामा गवंडी आमच्या नात्यातले कुणी नव्हते. नेकनूरच्या वेशीजवळ त्यांचं घर होतं. गावातली निम्मी घरं, दोन विहिरी आणि ओढ्याच्या पायऱ्या त्यांच्या हातच्या, म्हणून सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. त्यांच्याहून वयानं मोठे असलेले देखील. अंगानं उंच, सडपातळ, मानेत जरासे वाकलेले. धोतरावर एक काळा कोट असायचा. हैदराबादेत कुणा नवाबाच्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, काम केलं, तेव्हा बक्षीस मिळालेला. त्या कोटाला एकही बटन उरलं नव्हतं. एकदा आमच्या सासूबाई म्हणाल्या, "मामा, द्या इकडं, चार बटनं टाचून देते."

मामा दोन पावलं मागं सरले. "नको वयनीबाई. आता कुठं हलका झालाय."

हैदराबादेत ते बारा वर्षं होते. तिथं त्यांना एकच काम. भिंतींवर आणि कमानींवर चुन्याची वेलबुट्टी काढायची. पानं, कळ्या, द्राक्षांचे घड, मोर. त्यांचा हात इतका चांगला होता म्हणे, की दुसरं काम त्यांना कुणी देईचना. एक दिवस ते थापी आणि ओळंबा पिशवीत घालून सरळ गावी निघून आले. का आलात असं कुणी विचारलं की सांगायचे, "बारा वरीस फुलं काढली. एका बी फुलाला वास आला न्हाई."

तेव्हापासून त्यांनी एकही फूल काढलं नाही. कुणी तुळशीवृंदावनावर चार पाकळ्या काढून मागितल्या तरी "तुळस लावा, ती लई चांगली काढतीया पानं," म्हणायचे.

कुणी बांधकाम सांगायला आलं की दुसरे गवंडी विचारतात, किती खण, किती उंच, दार कुठं. मामा विचारायचे, "काय काय नको ते सांगा आधी."

समोरचा माणूस गोंधळायचा. "मामा, नको ते कावून सांगू? पायजे ते सांगतो की."

"पायजे ते समद्यांचं सारखंच असतंय. नको ते ज्याचं त्याचं येगळं असतंय. त्याच्यावरून माणूस कळतो."

राहत्या घराला ही रीत फार चालायची नाही. घरात खुंट्या लागतात, कोनाडे लागतात, उतरंडीला जागा लागते. ते सगळं मामा मुकाट्यानं करून द्यायचे. पण कुणाला जपाला, नामाला, प्रार्थनेला, नाहीतर नुसतं गप बसायला जागा बांधायची असली की त्यांचा चेहरा फुलायचा. तसल्या कामासाठी ते पाटोद्यापर्यंत, दिंद्रुडपर्यंत पायी जायचे.

आणि त्यांचं स्वतःचं घर पाहिलं असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं. त्यांच्या बायकोनं, पारूमामींनी, जन्मात कधी फुटकं मडकं फेकलं नसेल. दारात पाऊल टाकलं की आधी शेळी, मग कणग्या, मग टोपल्या, मग वाकळांची चळत, मग पुन्हा एक शेळी. मधून एक पायवाट, आणि तिच्या टोकाला पारूमामी बसून बोलत असायच्या. त्या बोलायला लागल्या की समोर कुणी असलंच पाहिजे असं नव्हतं. मामा म्हणायचे, "माझं रितं समदं भाईर, आन् हिचं भरल्यालं समदं आत. कुठंतरी मेळ बसला पायजे की." पारूमामी त्यावर म्हणायच्या, "रित्या खोलीत जेवान कोन घालतं ते इचारा ह्यास्नी."

मामांच्या बांधकामांच्या दोन गोष्टी गावात सगळ्यांना पाठ होत्या. एक पाटोद्याकडच्या मठाची. तिथल्या महाराजांना जपाची खोली हवी होती. मामांनी चार भिंती, एक दार, एक झरोका असं करून दिलं. महाराजांनी आत फिरून पाहिलं आणि म्हणाले, "सटवाजी, कोनाडा न्हाई ठेवलास."

"कशाला, म्हाराज?"

"पोथी ठेवायला."

"पोथी तर तुमाला तोंडपाठ हाय."

महाराजांनी आजूबाजूला पाहिलं. मग शिष्याला पाणी आणायला पाठवलं आणि हळूच म्हणाले, "आरं बाबा, तंबाखूची पिशवी कुठं ठेवू?"

मामांनी त्याच दिवशी कोनाडा करून दिला, पण दाराच्या बाहेरच्या अंगाला. "आत जाताना ठेवायची, येताना घ्यायची." महाराज पूर्वी दोन दोन तास जप करायचे, आता अर्ध्या तासात उठतात, असं त्यांचे शिष्य सांगत. मामा हे ऐकून म्हणायचे, "पर त्यो अर्धा तास जपाचा."

दुसरी गोष्ट मिशनच्या पाद्री साहेबांची. आमची मुगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, संपून इंग्रजांचा मुलुख सुरू होतो तिकडं त्यांचं गाव. त्यांना प्रार्थनाघर बांधायचं होतं. त्यांनी विलायतेतल्या एका उंच शिखराच्या देवळाचं चित्र मामांपुढं धरलं. मामांनी चित्र नीट पाहिलं, उलटंही करून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, इतक्या वर कोन बसनार?" शेवटी शिखर गेलं, घंटेचा मनोरा गेला, रंगीत काचा गेल्या, आणि एक लांबट, ठेंगणी, पांढरी खोली तयार झाली. खिडक्या अशा ठेवल्या की सकाळचा उजेड खाली बसलेल्या लोकांच्या तोंडावर यायचा आणि उपदेश करणारे साहेब सावलीत राहायचे. पाद्री साहेबांनी तक्रारीचं पत्र लिहिलं. मराठीत होतं. घरात वाचता येणारी मी एकटी, पाटोद्याच्या शाळेत चौथी झालेली, म्हणून मामा ते पत्र घेऊन आमच्याकडं आले. मी दाराआडून वाचलं. लोकांना माझा चेहरा नीट दिसत नाही, असं त्यात होतं.

मामांनी उत्तर सांगितलं आणि मी लिहिलं. "साहेब, तुमचा आवाज त्यास्नी ऐकू येतो. त्यांचे चेहरे तुमाला दिसले पायजेत." पुढच्या महिन्यात साहेबांचं दुसरं पत्र आलं. त्यात एकच ओळ होती. खिडक्या राहू द्या.

त्या वर्षी मी लग्न होऊन नेकनूरला आले होते. घरात लहानमोठी एकोणीस माणसं. त्यांत माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, गोदाआत्याबाई. फार लवकर विधवा होऊन माहेरी आलेल्या. बडबड्या नव्हत्या, पण एकोणीस माणसांच्या घरात गप्प बसलेल्या बाईला कुणी गप्प बसू देत नाही. "आत्याबाई, दुखतंय का?" "आत्याबाई, रागावलात का?" "आत्याबाई, बसल्या बसल्या एवढ्या शेंगा फोडा." एकदा त्या विहिरीवर गेल्या आणि काठावर नुसत्या बसून राहिल्या, तर दोन माणसं धावत आली. त्या माघारी येऊन मला म्हणाल्या, "सूनबाई, बाईमानसानं बसावं कुठं?"

त्यांच्या वडिलांनी त्यांना चोळीबांगडीला म्हणून वाटेकडेचं एक वावर दिलेलं होतं. त्याच्या कोपऱ्यात एक खोली बांधायची आणि गावातल्या कुणाही बाईनं तिथं येऊन घटकाभर बसावं, असं त्यांनी मनात घेतलं. देव नको, पुजारी नको, पाटी नको. मामांनी विचारायच्या आधीच त्यांनी नको नको सांगितलं. मामा माझ्या सासऱ्यांकडं वळून म्हणाले, "शंकरराव, ही बाई गवंडी व्हायची ती चुकून तुमच्या घरात जल्मली."

अडचण दगडांची होती. गावकुसाची पडलेली भिंत होती, तिचे दगड पंचांनी द्यायचं कबूल केलं. पण पाटलांनी आखितीपर्यंतची, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची, एक बोली घातली. "दगड गावाचं हायेत. खोली गावाच्या उपेगी पडली पायजे. संक्रांतीला झाली, तर आखितीपस्तोर बघू. बाया बसल्या तर तुमची. न्हाई बसल्या तर चावडीकडं. दौऱ्यावरच्या साहेबांला उतरायला गावात जागा न्हाई."

आत्याबाई हो म्हणाल्या. आपल्या वावरात, आपल्या हौसेनं बांधलेली खोली साहेब लोकांच्या बिछान्यासाठी जाऊ शकते, हे कळूनच हो म्हणाल्या.

पायाखोदाईच्या आधी मामांनी एक काम केलं. मोकळ्या वावरात एक पोतं अंथरलं आणि आत्याबाईंना सांगितलं, आठ दिवस रोज इथं बसायचं. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी उन्हं कलताना. मी भाकरी घेऊन जायची, तेव्हा येणारे जाणारे विचारत असायचे.

"आत्याबाई, काय राखायलात?"

"न्हाई रं, बसलेय."

"वावरात तर काय न्हाई."

"म्हनूनच बसलेय."

मामा लांब बांधावर बसून पाहायचे. आत्याबाई कुठं वळतात, कुठं त्यांची मान थांबते, कधी डोळे मिटतात. आठव्या दिवशी ते आले आणि पोत्यापासून तीन-तीन पावलं सोडून चारी बाजूंना चुन्यानं रेघ मारली. "तुमी आठ दिवसांत गावाकडं एकदा बी बघितलं न्हाई. त्या बोडक्या डोंगराकडं बघताव. तिकडं खिडकी. गावाकडं भिंत."

खिडकी त्यांनी गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवली. माझ्या सासऱ्यांना ती चूक वाटली. उभं राहिलं तर खिडकीतून आपलेच पाय दिसतात. मामा म्हणाले, "उभ्यानं बघायला भाईर लई जागा हाय. ही बसणाऱ्याची." खरंच, खाली बसलं की डोंगराची उतरण, त्यावरची वाळलेली कुसळं आणि आभाळाची एक पट्टी, एवढंच दिसायचं. दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता यायचं नाही. वर विटांची कमान घालून छत केलं, आणि तिच्या पोटात वारा जायला हाताएवढं एक भोक.

मग आतून चुन्याचा गिलावा केला, आणि इथं मामांनी जीव ओतला. महिनाभर ते भिंती घोटत होते. गुळगुळीत दगडानं, मग कवडीनं, मग तळहातानं. शेवटी भिंत अशी झाली की हात फिरवला तर थंड लोण्यासारखी लागायची, आणि सांजच्या उजेडात तिच्यात माणसाची सावली नाही, पण सावलीसारखं काहीतरी दिसायचं. मामा रोज जाताना दारातून एकदा वळून पाहायचे. तसं मी त्यांना दुसऱ्या कुठल्याच कामाकडं पाहताना पाहिलं नव्हतं.

संक्रांतीनंतर एक दिवस आत्याबाईंनी गावातल्या बायकांना बोलावलं. आरती नाही, नारळ नाही. गूळ-फुटाणे घ्यायचे आणि आत जाऊन बसायचं. वीसेक बायका आत बसल्या, बाकीच्या बाहेरच्या कडुलिंबाखाली. मीही कोपऱ्यात होते. सुरुवातीलाच कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, आणि तो आवाज चारी भिंतींवरून फिरून पुन्हा आमच्याकडं आला. कुणाला तरी शिंक आली. ती शिंक तीनदा ऐकू आली. बायका हसायला लागल्या, तर हसणंच थांबेना, कारण आम्ही थांबलो तरी खोली हसत होती.

माझ्या शेजारी शेवंता होती. तिनं माझ्या कानात अगदी हळू सांगितलं, "आमच्या म्हातारीनं तुपाचं गाडगं कनगीत लपवलंय. तिला वाटतंय मला ठाऊक न्हाई."

ते शब्द छताच्या कमानीवर चढले आणि दारातून बाहेर पडले. लिंबाखालून शेवंताच्या सासूचा, भागाबाईचा, आवाज आला, "म्हंजी चार दिस तूप खाली जायलंय ते तूच व्हय गं, भवाने!"

गप बसायच्या खोलीचा पहिला दिवस तुपाच्या भांडणात गेला. गावात लोक म्हणायला लागले, आत्याबाईनं नगारखाना बांधला. कुणी पोरं मुद्दाम दारात जाऊन कोंबड्यासारखं आरवून यायची. बायका यायच्या बंद झाल्या. आत बसलं तर आपलाच श्वास ऐकू येतो आणि भीती वाटते, म्हणायच्या. पाटील आमच्या ओसरीवर येऊन सुपारी कातरत म्हणाले, "आत्याबाई, आखितीला नवे गिरदावर साहेब यायलेत. मी त्यास्नी जागा दावून ठेवतो." गिरदावर म्हणजे गावोगाव फिरून सरकारी सारा आणि पिकं पाहणारे साहेब. आत्याबाईंनी सुपारी घेतली नाही.

मामा एकटेच खोलीत गेले. टाळी वाजवली, ऐकली. खोकले, ऐकलं. घरी गेले आणि चार दिवस बाहेर आले नाहीत. पाचव्या दिवशी पारूमामी आमच्या दारात, सासूबाईंपुढं.

"भाकरीकडं बघत न्हाईत. रातंदिस घरातल्या मातीच्या भिंतीला कान लावत्यात. मी बोलले की म्हनत्यात, आजून बोल. तीस वरसांत कवा म्हनले न्हाईत ते. मी बोलले, शेळीचं बोलले, लेकीचं बोलले. तर म्हनत्यात, तुझा आवाज घुमंना. कावून घुमंना? आता ह्या वयात माझा आवाज कावून घुमावा, तुमीच सांगा वयनी."

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना मामांच्या आधी कळलं की काय, मला माहीत नाही. पण त्या दुपारी मामा आले ते हातोडा घेऊनच आले.

"आत्याबाई, चूक माजी हाय. तुमी समदं नको म्हनलात, म्या समदं काढलं. फुलं काढली, खुंट्या काढल्या. एक घोटाई तेवढी ऱ्हायली. ती माज्या हाताची मिजास हुती. तीच बोलायलीय त्या भिंतीतून."

आम्ही सगळ्या मागून गेलो. मामांनी भिंतीवर एकदा हात फिरवला, आणि मग हातोडा घातला. महिनाभराचं काम दोन दिवसांत खाली आलं. पारूमामी बाहेर बसून मोठमोठ्यानं सांगत होत्या की ढलपे फेकू नका, चुलीमागं घालायला होतील.

त्यावर, आवाज पिऊन घेईल असं, मातीचं लिंपण करायचं ठरलं. पांढरी माती, शेण आणि बारीक चिरलेला कडबा. हे काम आमच्याकडं बायका करतात, गवंडी नाही. घरातली चूल, ओटा, भिंत, सगळं आपल्या हातानं लिंपायचं. आत्याबाई घरोघर गेल्या. बांधलेल्या खोलीत बसायला ज्या येत नव्हत्या, त्या लिंपायला आल्या. एकेक टोपली माती घेऊन. भागाबाई आणि शेवंतासुद्धा, एकमेकींकडं पाठ करून का होईना, एकाच भिंतीला.

मामांना राहवेना. बायकांनी थर दिला की ते थापी घेऊन कड सरळ करायला जायचे. पारूमामींनी थापी त्यांच्या हातातून काढून घेतली. "ठिवा ती बाजूला. हाताला येऊ द्या हातासारखं."

"खडबडीत व्हायलंय गं."

"मग व्हऊ द्या की. तुमाला कोन चाटायला सांगितलंय?"

चार बोटं जाड थर झाला. भिंतीभर बोटांचे अर्धगोल उमटले. जिचा हात जेवढा पोचला तेवढा तिचा गोल. खाली जमीन शेणानं सारवली, वर घोंगड्या अंथरल्या. वाळल्यावर आत्याबाई आत जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "शेवंता, सांग आता काय सांगायचं ते."

शेवंतानं काहीतरी सांगितलं. काय ते मला शेजारी बसूनही नीट कळलं नाही. बाहेरून भागाबाई चिडून ओरडल्या, "काय म्हनली गं? ऐकू आलं न्हाई मला."

तेव्हा मामा भिंतीला टेकून खाली बसले आणि हसले. आवाज न करता.

बायका यायला लागल्या. शेतावर जाताना, येताना, सारवणाचे हात धुऊन. पण रोजच्या येत होत्या त्या सहा-सातच, आणि आखिती आली. नवे गिरदावर साहेब घोड्यावरून आले. रुबाबदार, मिशीवाले, पायांत बूट, अंगात लांब कोट. पाटील त्यांना खोली दाखवायला घेऊन आले, मागं पंच. पाटलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की एवढ्या थोड्या बायकांसाठी गावाचे दगड अडकवता येणार नाहीत. आत्याबाई लिंबाखाली उभ्या होत्या. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मामा दाराशी.

साहेब आत शिरताना त्यांची टोपी चौकटीला लागून पडली. आत जाऊन त्यांनी चौफेर पाहिलं. "पाटील, कोट किधर टांगना?"

पाटील म्हणाले, "मामा, एक खुंटी ठोका साहेबांसाठी."

मामांनी निमूटपणे खुंटी आणली, हातोडा आणला, ठोकली. खुंटी मातीचा गोळा घेऊन खाली आली. दुसऱ्या जागी ठोकली. तीही आली. मामा म्हणाले, "साहेब, चार बोटं माती हाय. ही भिंत काय बी धरून ठेवत न्हाई."

"कंदील?"

"कोनाडा न्हाई."

"पेटी?"

"फळी न्हाई."

"और ये खिडकी? इसमें से तो मेरे जूते दिखते हैं."

"साहेब, बसल्यावर डोंगर दिसतो."

साहेबांनी खाली बसायचा विचार केला असावा, कारण ते थोडे वाकले. पण त्यांचे बूट आणि तुमान दोन्ही घट्ट होती. ते पुन्हा उभे राहिले. "पाटील, ये कैसा कमरा है? इसमें तो कुछ है ही नहीं. आदमी रहेगा कैसे?"

"रहायला न्हाई बांधला, साहेब," मामा म्हणाले. "बसायला बांधलाय."

साहेब बाहेर आले, टोपी झटकली आणि पाटलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "औरतों को बैठने दो. आपका मकान अच्छा है. हम वहीं ठहरेंगे."

पंच एकमेकांकडं पाहून मिशीतल्या मिशीत हसले. साहेब पाटलांच्या घरी तीन दिवस राहिले. चहा, हुक्का, कोंबडी, आंघोळीला ऊन पाणी, दारात शिपाई. तिसऱ्या दिवशी दुपारी पाटलीणबाई एकट्याच वाटेनं आल्या. कुणाशी न बोलता वाकून आत गेल्या, आणि तासाभरानं बाहेर आल्या. आत्याबाईंना एवढंच म्हणाल्या, "उद्या बी येते."

त्या यायला लागल्यावर बाकीच्याही आल्या, आणि दगडांची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. पाटलांनी तर नाहीच.

आत्याबाई पुढं अकरा वर्षं रोज तिथं बसल्या. मामांनी त्यानंतर दिंद्रुडकडं अशीच एक जागा बांधली म्हणतात, मी ती पाहिलेली नाही. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं तसं काम सुटलं आणि नवराबायको लेकीकडं राहायला निघाली.

ते गेले त्या दिवशी मी खोली सारवत होते. बैलगाडी वाटेवर थांबली. गाडीत एवढं सामान होतं की मामा त्यात कुठं बसले आहेत ते आधी दिसलंच नाही. ते उतरले, काठीनं चौकट चाचपली, वाकले आणि आत गेले. मी बाहेर सरकले. पारूमामी गाडीतून उतरून मला सांगायला लागल्या. लेकीचं घर किती लहान, जावई कसा, कोणती शेळी विकली, कोणती नाही विकली. बऱ्याच वेळानं त्यांनी आत हाक मारली, "चला की, उन्हं चढली."

त्यांनी पुन्हा हाक मारली. मग "काय बाई ह्या मानसाचं" म्हणत त्या त्यांना आणायला आत गेल्या.

मी थांबले. आतून पारूमामींचा आवाज येईल म्हणून मीही, गाडीवानही, वाट पाहत होतो. तो आला नाही. मी ओल्या हातांनी दाराशी जाऊन हळूच वाकून पाहिलं. दोघं खिडकीपुढं शेजारी शेजारी बसली होती. मामांनी पटका काढून मांडीवर ठेवला होता. त्यांना आता डोंगर दिसत नव्हता, पण तोंड बरोबर तिकडं होतं. पारूमामींचं तोंडही तिकडंच होतं, आणि ते मिटलेलं होतं.

गाडीवानानं थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं. मग त्यानं बैल सोडले आणि त्यांच्यापुढं कडबा टाकला.